कचऱ्याचं ओझं कुठे ठरतं?

सकाळी सातच्या सुमाराला घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते, तेव्हा एकदा नीट बघा. कचरा गोळा करणारी बाई खाली वाकते. ओल्या कचऱ्याची बादली दोन्ही हातांनी उचलून आधी मांडीवर टेकवते, तिथून छातीपर्यंत आणते. मग एक पाय पुढे टाकून, सगळ्या अंगाला हिसका देऊन ती बादली डोक्याच्या वर नेते आणि गाडीच्या कडेवर टेकवून उलटी करते. मान मागे पडलेली असते, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. बादलीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून बाहीत उतरतं. गाडीत वर कुणी मदतनीस उभा असेल तर शेवटचा टप्पा तो ओढून घेतो. नसेल तर तो भारही तिच्याच खांद्यांवर. ही हालचाल पाच-सहा सेकंदांची. ती एका फेरीत किती वेळा होते हे घरच्या खिडकीतूनही मोजता येतं.

हे दृश्य इतकं रोजचं आहे की त्यात कुणी काही ठरवलं असेल असं वाटतच नाही. पण ठरवलेलं असतं. गाडीची कडा किती उंचीवर असावी, बादली किती लिटरची असावी, ढकलगाडीला कुठली चाकं लावावीत, खराट्याचा दांडा केवढा असावा, यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी कागदावर आधी लिहिली जाते. निविदेच्या अटींमध्ये इंजिनाची ताकद असते, पत्र्याची जाडी असते, हौद्याचं घनफळ असतं. ती गाडी भरणाऱ्या बाईचा खांदा जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे सहसा नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की सफाई कामगारांच्या पाठीचं दुखणं त्या कागदावर सुरू होतं आणि तिथेच ते थांबवता येतं.

भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. तिचा खांदा साधारण सव्वाशे सेंटिमीटरवर येतो आणि कोपर पंचाण्णवच्या आसपास. कचरागाड्यांच्या हौद्याची कडा अनेक ठिकाणी दीड मीटरवर असते, काही गाड्यांची त्याहूनही वर. हौदा उंच केला की एका फेरीत जास्त कचरा मावतो, डिझेल वाचतं. हा हिशेब चुकीचा नाही. पण वाचलेल्या फेऱ्यांची किंमत त्या बाईच्या मणक्यांतून चुकती होते आणि ती कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

मणक्यांचाही हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने वजन उचलण्याच्या कामासाठी १९८१ साली एक सूत्र काढलं आणि १९९१ साली ते सुधारलं. सूत्राची सुरुवात २३ किलोंपासून होते. वस्तू अंगालगत असेल, मांडीच्या वरच्या उंचीवर असेल, बरोबर समोर असेल, पक्की मूठ बसत असेल आणि ती अधूनमधूनच उचलायची असेल, तर २३ किलोंपर्यंत चालतील. तेही चारातल्या तीनच बायकांना. मग प्रत्येक अडचणीसाठी त्यातून कापत जायचं. वस्तू अंगापासून लांब असेल तर वजन कापा. ती जमिनीलगत किंवा फार वर असेल तर कापा. उचलताना कमरेत वळावं लागत असेल तर कापा. पुन्हा पुन्हा उचलावी लागत असेल तर आणखी कापा.

आता आपल्या बादलीला हे सूत्र लावू. समजा, बादली जमिनीपासून २० सेंटिमीटरवर धरली, ती अंगापासून ४० सेंटिमीटर लांब आहे, दीड मीटरवर न्यायची आहे आणि त्यासाठी अंग ४५ अंशांत वळवावं लागतं. २३ किलोंपैकी उरतात जेमतेम आठ. मिनिटाला दोनदा असं दिवसभर करायचं असेल तर उरतात सव्वापाच. ओल्या कचऱ्याने भरलेली वीस लिटरची बादली दहा किलोंच्या आसपास जाते. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट.

याच गणितात थोडा फेरफार करून बघा. गाडीची कडा एक मीटरवर आणली. बादली जमिनीवर न ठेवता ढकलगाडीच्या फळीवर, अर्ध्या मीटरवर ठेवली. गाडी अशी उभी केली की वळावं लागू नये, आणि बादली अंगापासून ३० सेंटिमीटरवर राहील एवढी जवळ आली. मर्यादा साडेदहा किलोंवर जाते. बाई तीच, बादली तीच, कचराही तोच. हे साधायला यंत्रमानव लागत नाही. हौद्याच्या बाजूला खाली उघडणारी एक झडप, उभं राहायला एक पायरी आणि ढकलगाडीला एक फळी लागते.

कमरेच्या मणक्यामागचे स्नायू शरीराला सरळ धरून ठेवतात, पण त्यांना मिळणारी तरफ फार आखूड असते, पाच-सहा सेंटिमीटरची. हातातलं वजन अर्धा मीटर पुढे असेल तर दहा किलोंच्या बादलीला तोलून धरण्यासाठी त्या स्नायूंना शंभर किलोंच्या आसपास ओढ द्यावी लागते. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन त्यात अजून धरलेलं नाही. ही सगळी ओढ दोन मणक्यांमधल्या चकतीवर दाब म्हणून येते. ‘नायॉश’ने या दाबाची जी मर्यादा धरली आहे ती साधारण साडेतीनशे किलोंच्या भाराइतकी आहे. वाकून, वळून, हिसक्याने बादली उचलली की ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. चकती एका दिवसात जात नाही. ती झिजत जाते आणि चाळिशीत एका सकाळी उठता येत नाही. तेव्हा डॉक्टर ‘वजन उचलू नका’ म्हणून सांगतात. ज्या बाईची कमाई रोज वजन उचलण्यावर आहे, तिने त्या सल्ल्याचं करायचं काय?

कचरा उचलणाऱ्याच्या साधनांवरून जगात मोठा लढा झालेला आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९६० च्या दशकात सफाई कामगार, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय पुरुष, घरांच्या परसात जाऊन कचरा टबांत भरत आणि टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आणत. टब गळके होते. घाण पाणी आणि अळ्या मानेवरून अंगावर उतरत. गाड्या जुनाट होत्या, त्या बदला असं कामगार सांगत होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबण्याचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघे त्यात चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्याने चालले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. त्या संपाचा इतिहास सांगताना नागरी हक्कांबद्दल बोललं जातं, ते योग्यच आहे. पण त्या लढ्याच्या मुळाशी गळका टब आणि नादुरुस्त गाडी होती, हेही लक्षात ठेवायला हवं. माणसाच्या हातात काय दिलं जातं, त्यावरून त्याची किंमत काय धरली आहे हे कळतं.

त्याच १९६८ साली इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी फ्रँक रॉदरहॅम मोल्डिंग्ज या कंपनीने कारखान्यातला कचरा हलवायला प्लास्टिकचा, दोन चाकांचा, तिरपा करून ओढायचा डबा बनवला. पुढे तो घरोघरी पोचला. आज युरोपात दिसणारा १२० किंवा २४० लिटरचा चाकांचा डबा हा त्याचाच वंशज. तिथल्या मानकाप्रमाणे २४० लिटरच्या डब्यात ९६ किलोंपर्यंत कचरा धरला जातो आणि तो डबा माणूस उचलतच नाही. गाडीमागचा यांत्रिक हात त्याला उचलून उलटा करतो. नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमच्या कोरोनेल संस्थेत मोनिक फ्रिंग्ज-ड्रेसन आणि पॉल कायपर यांनी कचरा गोळा करणाऱ्यांच्या शरीरावरचा भार वर्षानुवर्षं मोजला: पिशव्या उचलताना किती, डबे ओढताना किती, एका कामगाराने दिवसाला किती कचरा हाताळावा. आठ तासांच्या कामात शरीराच्या कमाल क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांपुढे जाऊ नये, या कसोटीवर तिथे कामाची आखणी सुचवली गेली. एक धोकाही उघड आहे. काम हलकं झालं म्हणून माणसं कमी केली आणि उरलेल्यांच्या फेऱ्या वाढवल्या, तर डबा सुधारूनही शरीर तिथेच राहतं. साधन आणि कामाचं प्रमाण ही एकाच करारात बसवायची गोष्ट आहे.

युरोपचा डबा जसाच्या तसा आणून मात्र आपलं भागत नाही. आपल्या कचऱ्यात ओला भाग जास्त, त्यामुळे तो जड. रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, उघडी गटारं. अकराशे लिटरचा मोठा डबा भरला की चारशे किलोंच्या पुढे जातो आणि त्याची छोटी चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुततात. मग दोघी-तिघी मिळून तो ढकलतात, कुणी मागून खांदा लावतं.

चाकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ढकलगाडीतला निम्मा त्रास तिथे आहे. चाक जेवढं मोठं, तेवढा खड्डा आणि उंचवटा सहज पार होतो. छोट्या चाकाला दीड इंचाची कडही भिंतीसारखी अडवते. शंभर किलोंची गाडी पाच अंशांच्या चढावर नेताना केवळ उतारामुळे पावणेनऊ किलोंची ओढ मागे खेचत असते. त्यात बेअरिंग जाम असेल, टायरमध्ये हवा नसेल, तर ती ओढ आणखी वाढते. मूठ कोपराच्या उंचीला असेल तर अंगाचं वजन ढकलण्यात वापरता येतं. ती कमरेच्या खाली असेल तर वाकून ढकलावं लागतं आणि सगळा भार पाठीत जातो. आणि गाडी ढकलता यायला हवी, ओढावी लागू नये. ओढताना खांदा मागे पिळला जातो आणि उतारावर गाडी टाचेवर येते.

या गाड्या विकत घेण्यासाठी पैसे निघतात. उद्घाटन होतं, हिरव्या झेंड्याचा फोटो छापून येतो. सहा महिन्यांनी पंक्चर कोण काढणार, ग्रीस कोण भरणार, मोडलेलं चाक कोण बदलणार, याची तरतूद बहुतेक ठिकाणी नसते. ते ज्याची गाडी त्याच्या खिशातून होतं, किंवा होत नाही. डिझाइन संस्थांमधून दरवर्षी कचऱ्यासाठी सुंदर गाड्या तयार होतात, काहींना बक्षिसं मिळतात. त्यातल्या किती गाड्या एक अख्खा पावसाळा रस्त्यावर काढतात? सायकलच्या दुकानात मिळेल असा टायर आणि गल्लीतल्या वेल्डरला जोडता येईल असा सांगाडा, ही माझ्या मते चांगल्या ढकलगाडीची पहिली अट आहे.

कामगार स्वतःही सुधारणा करतच असतात. ढकलगाडीला टांगलेली बादली जवळून बघितली तर तिच्या तारेच्या कडीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली दिसते, कधी चिंधी, कधी कापलेल्या पाइपचा तुकडा. दहा किलोंची बादली बारीक तारेने धरली की तार बोटांत रुतते, रक्त थांबतं आणि मूठ टिकवायला जास्त जोर लावावा लागतो. मूठ तीन सेंटिमीटरच्या आसपास जाड असावी असं हातांचा अभ्यास करणारे सांगतात. ट्यूब गुंडाळणाऱ्या बाईने तेच शोधून काढलेलं आहे. हातमोज्यांचंही तसंच. रबराचा जाड मोजा घातला की वस्तूचा अंदाज येत नाही आणि पकडीला जास्त जोर लागतो, म्हणून तो काढून कमरेला खोचला जातो आणि मग साहेब म्हणतात, दिलेलं साहित्य वापरत नाहीत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मुखपट्टी देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, हे मोलाचं आहे. पण मोजा कुठल्या मापाचा आणि बूट कुठल्या पावलाचा, हे विचारल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. पुरुषाच्या आठ नंबरच्या गमबुटात बाईचं पाऊल घसरतं.

मापं नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ साली देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापनावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. देशभरातल्या माणसांची उंची, कोपर, खांदा, मूठ, पोच यांची मापं त्यात आहेत. गाडीची कडा आणि ढकलगाडीची मूठ ठरवायला लागणारी माहिती गेल्या शतकापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या घनकचरा नियमपुस्तिकेनेही ३०-४० लिटरच्या सुट्या डब्यांच्या हातगाड्या सुचवल्या आहेत. हेतू हा, की कचरा एकदा डब्यात पडला की पुन्हा जमिनीवर ओतून पुन्हा भरावा लागू नये. पण चाळीस लिटरचा डबा ओल्या कचऱ्याने गच्च भरला तर अठरा-वीस किलो होतो. आकडा लिहिताना तो कोण उचलणार, हेही सोबत लिहायला हवं.

महाराष्ट्राला ओझ्याबद्दल भांडण्याची परंपरा आहे. १९६९ चा माथाडी कायदा इथलाच. बाजार समित्यांमध्ये शंभर किलोंची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालांसाठी डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने पन्नास किलोंच्या पोत्याची मागणी लावून धरली. व्यापाऱ्यांना ती गैरसोयीची वाटली, पण ओझं हा नशिबाचा भाग नसून बोलणी करण्याचा विषय आहे, हे तिने पक्कं केलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने उचलायच्या कमाल वजनाबद्दल करार केला, सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची सीमा सुचवली आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असं म्हटलं. भारताने तो करार २०१० साली मान्य केला. बाबा आढावांच्याच साथीने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. २००८ पासून तिचे सभासद, साडेतीन हजारांच्या आसपास, बहुतेक दलित समाजांतल्या स्त्रिया, पालिकेशी झालेल्या कराराखाली घरोघरचा कचरा गोळा करतात. पाठीवर पोतं घेऊन उकिरडे धुंडाळण्यापासून ढकलगाडी घेऊन दारात येण्यापर्यंतचा हा प्रवास शरीराच्या दृष्टीनेही मोठा आहे. पोत्याचा भार मानेवर आणि पाठीवर होता, गाडीचा चाकांवर आला.

पण दारात आल्यानंतर काय? चार मजली इमारतीत ती जिन्याने चढते, मजल्यामजल्यावरून कचरा गोळा करत भरलेल्या बादल्या घेऊन जिन्यानेच उतरते. शेजारी लिफ्ट चालू असते. अनेक सोसायट्यांमध्ये कचरा नेणाऱ्यांना लिफ्ट वापरायची बंदी आहे. कुठे पाटी लावलेली असते, कुठे न लावताच सगळ्यांना माहीत असते. कारण विचारलं तर वास येतो, पाणी सांडतं. झाकण असलेल्या डब्याने दोन्ही प्रश्न मिटतात, तरी बंदी उठत नाही. वासाचं नाव पुढे करून जातीचा व्यवहार चालू राहतो, असं मला स्पष्ट वाटतं. ओझं कमी करणारं सगळ्यात प्रभावी यंत्र त्या इमारतीत आधीच बसवलेलं आहे, त्याचं वीजबिल भरलं जातं आणि ज्या बाईच्या हातात वजन आहे तिलाच ते नाकारलं जातं. ही अडचण सोडवायला कुठल्याही अभियंत्याची गरज नाही.

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या वस्त्यांमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे लिफ्ट नाही आणि चाकही चालत नाही. उभ्या पायऱ्यांच्या, दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्या आहेत. वजन पाठीवरच यायचं असेल तर ते कमरेच्या हाडावर उतरवणारा पट्टा, दोन्ही खांद्यांवर वाटला जाणारा भार, पाणी न झिरपणारा तळ आणि थोडा थोडा कचरा खाली आणण्यासाठी जवळ जवळ ठेवलेले थांबे लागतील. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत हे सगळं कधीचं सुटलेलं आहे. हौसेने डोंगर चढणाऱ्यासाठी केलेला विचार पोटासाठी चढणाऱ्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

खराट्याच्या दांड्याचंही असंच. कॅलिफोर्नियातल्या शेतांत मजुरांना दोन फुटी दांड्याचं खुरपं दिलं जाई. दिवसभर कमरेत वाकून काम. मालकांचं म्हणणं, लांब दांड्याने पिकाची नासाडी होईल. वाकलेल्या पाठीच्या तक्रारी न्यायालयात गेल्या आणि १९७५ साली त्या खुरप्यावर बंदी आली. शेती बुडाली नाही. आपल्याकडेही रस्ता झाडणाऱ्याला छातीपर्यंत येणाऱ्या दांड्याचा खराटा आणि वाकल्याशिवाय धरता येईल असं लांब मुठीचं सूप देणं, हा काहीशे रुपयांचा प्रश्न आहे.

डेन्मार्कमधली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. तिथे डब्यापर्यंतची वाट कडक, सपाट आणि मोकळी ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी असते. उचलणाऱ्याच्या पाठीची काळजी टाकणाऱ्याच्या अंगणातून सुरू होते. पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालली, तीही याच जातीची. घरातल्या माणसाने दहा सेकंद दिले की वेचणाऱ्या हातांचं मोठं काम आणि मोठा धोका वाचतो.

म्हणून दोन ठिकाणी मागणी करायला हवी. पालिकांनी कचरागाडीच्या निविदेत भरण्याची कमाल उंची, ढकलगाडीच्या मुठीची उंची, भरलेल्या डब्याचं कमाल वजन आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च हे चार आकडे सक्तीने लिहावेत. कुठलंही साधन मोठ्या संख्येने घेण्याआधी ते महिनाभर चालवणाऱ्या कामगारांच्या हाती द्यावं, त्यांनी नापास केलं तर परत पाठवावं. आपल्या नगरसेवकाला हे चार आकडे विचारायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरं ठिकाण आपलं घर. दिवाळीच्या आठवड्यात कचरा वाढतो: माळ्यावरचं भंगार, फराळाचे खोके, जुन्या गाद्या, फटाक्यांचा कागद, आणि तो वाढलेला भार त्याच हातांवर येतो. ओला कचरा निथळून द्या, कारण त्यातलं बरंचसं ओझं पाण्याचं असतं. एक मोठी बादली भरण्यापेक्षा दोन छोट्या ठेवा. काच आणि ब्लेड वेगळ्या कागदात गुंडाळून वर लिहा. गादी, मोडकं कपाट असल्या वस्तू मावशींच्या गाडीवर न टाकता त्यासाठीची गाडी बोलवा. आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कचरा नेणाऱ्यांना लिफ्ट खुली करण्याचा ठराव मांडा. पहिल्यांदा विरोध होईल. तो मंजूर होईपर्यंत प्रत्येक बैठकीत मांडत राहा.